घाण्याचं तेल

(राहुरीच्या पुढं, रस्त्याकडेचं गॅरेज. मच्छिंद्र गाडीखाली.)

सुचित्रा: ठरलं होतं ना आपलं? गाडी आणखी एकदा गॅरेजला गेली, की शेजारच्या रविराजला देऊन टाकायची.

मार्तंड: अगं, पेडल जरा खाली गेलं, एवढंच.

मच्छिंद्र: जरा न्हाई सर, पार तळाला गेलंय. वर यायचं नावच घेत न्हाई.

सुचित्रा: पुणतांब्याला चार वाजता माझ्या भाचीचा साखरपुडा आहे. आता एक वाजलाय.

मच्छिंद्र: व्हईल काकू. ह्या गाडीच्या क्लचला तार नसती. पेडल दाबलं की तेल रेटतं, मग क्लच सुटतो. आतली रबरं फुगून बसल्यात. सर, तेल कवापासनं कमी व्हत हुतं?

मार्तंड: होत असेल थोडंफार.

मच्छिंद्र: मग वरनं काय घातलं?

मार्तंड: तेल.

मच्छिंद्र: कंचं?

मार्तंड: चांगलं.

मच्छिंद्र: वास घ्या बरं. ह्यात भजी तळता येतील.

सुचित्रा: बघू... अहो! हे तर आपलं करडईचं!

मार्तंड: लाकडी घाण्याचं. भेसळीचं नव्हतं.

सुचित्रा: महिन्यात दोन बाटल्या संपल्या म्हणून मी छबूबाईला नाही नाही ते बोलले! इतकी वर्षं स्वयंपाकाला येते ती आपल्याकडे. आणि तुम्ही समोर बसून पेपर वाचत होतात!

मार्तंड: वाचत नव्हतो. नुसता धरला होता.

मच्छिंद्र: सर, तेलाच्या डबीच्या झाकणावर लिवलंय की. वाचा.

मार्तंड: चष्मा घरी राहिला.

मच्छिंद्र: मग मी वाचतो. ‘ओन्ली ब्रेक फ्लुइड.’ क्लचलाबी ब्रेकचंच तेल लागतं. भिंगारच्या शाळंत तुमी मला इंग्रजीत तीनदा नापास केलं हुतं.

मार्तंड: उच्चार सुधारलाय तुझा.

सुचित्रा: त्याचं राहू द्या. वेळेवर गॅरेजला का नाही नेली?

मार्तंड: नेली असती तर रविराजकडे गेली असती. आणि ही गेली, की मी घरातच बसणार. शाळा सुटली, मधुवंती सासरी गेली. ही एवढी एकच गोष्ट सकाळी उठून पुसायला उरलीय मला.

सुचित्रा: हे तोंडानं सांगता येत नव्हतं? तेल कसलं ओतत बसलात!

मच्छिंद्र: काकू, तुमचं चालू द्या. मी रबरं बदलतो.

सुचित्रा: किती वेळ?

मच्छिंद्र: तासभर.

(तासाभरानं.)

मच्छिंद्र: पाइप धुतला, नवं तेल भरलं. आता हवा काढायची. सर, आत बसा. पेडल दाबा आन् धरून ठेवा. मी ‘सोडा’ म्हणल्याबिगर सोडायचं न्हाई.

मार्तंड: धरलंय.

मच्छिंद्र: बरं... अवो, सोडलं की! हवा परत आत गेली.

मार्तंड: मला वाटलं झालं.

मच्छिंद्र: आमी बाकावर उभं असताना असं वाटून खाली बसलो असतो तर?

सुचित्रा: उतरा तुम्ही. मी बसते.

मच्छिंद्र: दाबा काकू. धरा... धरा... सोडा. परत. धरा... सोडा. बुडबुडे संपले बघा. कसं लागतंय?

सुचित्रा: घट्ट. आता वरही येतंय.

मच्छिंद्र: ह्याला म्हणत्यात विद्यार्थी!

मार्तंड: चला, निघू. उशीर होईल. आणि... रविराजचं काय?

सुचित्रा: रविराजचं नंतर. आधी छबूबाईला फोन लावा.

मार्तंड: आत्ता? इथून?

सुचित्रा: तोवर मी स्टिअरिंगवरून उतरणार नाही. आधी तुम्ही बोला, मग मी बोलते.

मार्तंड: हॅलो, छबूबाई? मी सर... नाही, अजून वाटेतच आहोत. ऐका, ते तेल... तेल मी घेत होतो. गाडीला... हो... हो का?... बरं.

सुचित्रा: काय म्हणाली?

मार्तंड: म्हणते, मला ठाऊक हुतं. गाडीखालचे डाग मीच रोज पुसत हुते, बाईंना दिसू नये म्हून.