पाण्याची अढी

हसू नका लेकांनो, पण पोरगी नांदायला गेल्यापासनं घर खायला उठतंय. म्हणून शाहूपुरीतनं माशांची काचेची टाकी आणली. दुकानदार म्हणाला, "लगेच मासं सोडू नका, मरतील. आधी नुसतं पाणी फिरू द्या, रोज चिमूटभर खाणं टाका. पाण्यात चांगलं जंतू वाढलं की मग मासं."

तर मी रिकाम्या टाकीत खाणं टाकतोय, आणि शेजारच्या बापूंनी खिडकीतनं बघितलं.

"कुणाला जेवाय घालताय ओ?"

"पाण्याला. पिकाय ठेवलंय."

"म्हंजे आंब्यागत अढी घातलीसा म्हणा की!"

इतकी वर्षं शेजार, पण बापूंनी कधी उंबरा ओलांडला न्हवता. त्या दिवसापासनं रोज सांजंला हाक, "पिकलं का ओ पाणी?" मग बसायचं, चहा व्हायचा, गप्पा निघायच्या.

परवा बाटलीत पाणी भरून दुकानात नेलं, दुकानदारानं तपासलं. "झ्याक झालंय. न्या की आता मासं!"

मी रिकाम्या हातानं परत आलो.

सांजंला हाक आली, "पिकलं का ओ?"

म्हटलं, "न्हाई बापू, अजून कच्चंच हाय. या, बसा की."