थोरल्या सुनेचा खण

पाथरीच्या कापडदुकानात कावेरी आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळली होती. पुढ्यात कोंडाबाई, नवरा ग्यानबा आणि थोरली सून भिवरा धाकट्याच्या लग्नात बायकांना द्यायचे खण निवडत होते.

“भिवरालाबी हिरवाच फाडा, शेटजी,” कोंडाबाई म्हणाली.

“अगं, रझाकाराच्या सालापासून थोरल्याचा पत्ता न्हाई. मांडवात लोक काय म्हणतील? तिला पांढरा घे.”

“पांढरा दिला म्हंजी माझं लेकरू मेलं.”

“आत्याबाई, पांढराच घ्या. पडक्या विहिरीत मी त्यान्ला बघितलं व्हतं. तुमाला सांगायची छाती झाली न्हाई.”

शेटजींची कात्री थांबली.

“ठावं हाय मला, पोरी. तुझ्या आधी मी डोकावले व्हते. शेटजी, हिरवाच फाडा.”