नो टेन्शन

तुम्ही खुशाल डोंगर चढा, पण मी दोराला हात लावणार नाही. कारण सांगतो.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. नववीतून शाळा सोडून मी सिएटलला मावशीकडे आलो होतो. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, दर उन्हाळ्यात बर्फाचे डोंगर चढायचे. एकदा मलाही घेऊन गेले. सकाळी गाईडबाईंनी दोरावर असताना ओरडायचे शब्द शिकवले. मला एकही कळला नाही, पण विचारायची लाज वाटली, म्हणून मी नुसती मान डोलावली.

शिखराखालच्या कड्यावर बाई आणि काका आधी वर पोचले आणि बाईंनी वरून माझा दोर धरला. मी कमरेला दोर बांधून निम्म्यावर आलो आणि कड्याला मिठी मारून थांबलो. वरून बाईंनी विचारलं, "यू ओके?"

काकांसमोर शोभा नको म्हणून मी ओरडलो, "नो टेन्शन!"

दोर सैल झाला.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. "नो टेन्शन! नो टेन्शन!"

दोर गुडघ्यापर्यंत लोंबायला लागला. काका वरून किंचाळले, "अरे गाढवा, टेन्शन म्हण, टेन्शन!"

"नाही हो काका, खरंच नाहीये!"

"टेन्शन म्हणजे दोर ताणा! तू त्यांना सोडायला सांगतोयस!"

मग मात्र मी सगळी लाज सोडली. "टेन्शन! खूप टेन्शन! मेलो!"

दोर ताठ झाला आणि मी पोत्यासारखा वर आलो.

काकांनी थर्मासमधला चहा ओतून दिला. म्हणाले, "दहा मिनिटं आधी घाबरला असतास, तर गरम मिळाला असता."