चंद्र बंगळूरचा

हसाल तुम्ही, पण स्वीडनच्या डोंगरात फिरायला जायचं ठरलं, तेव्हा मला अस्वलांपेक्षा संकष्टीची धास्ती होती.

आमचे हे कारखान्यातर्फे तिकडे ट्रेनिंगला होते. शेजारच्या अक्कांकडे त्यांचा फोन आला, "जूनमध्ये चिमीला घेऊन ये. नॅशनल पार्कात तीन दिवस चालू, तंबूत राहू. आणि गंमत म्हणजे इथे तेव्हा सूर्य मावळतच नाही!"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. चालण्याच्या दुसऱ्याच दिवशी संकष्टी! चिमीसाठी नवस बोलून धरलेली, एकही न चुकवलेली.

"अहो, मग चंद्र कधी उगवणार?"

"बहुतेक दिसायचाच नाही."

"मग मी जेवू कधी? उपाशी चढून मला चक्कर आली, तर लेकराला कोण बघेल? मी नाही येत!"

मला रडूच आलं. अक्का पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. नवस कुठल्या गणपतीला बोललीस?"

"आपल्या चामराजपेटेतल्या."

"सरी, ठरलं तर! मग चंद्रही इथलाच, बंगळूरचा धर. इथे साडेनऊला उगवला, की तिकडे उपास सोड."

मी फोनवर तसंच सांगितलं. यांनी क्षणभर हिशेब केला आणि खो खो हसत सुटले.

"अगं, म्हणजे इथले संध्याकाळचे सहा! इथे सगळे सहालाच जेवतात. या अख्ख्या देशाची रोजच संकष्टी आहे, ये तू!"