साडेपाचला झोप

…नाही नाही, पहाटेचे नव्हे हो, संध्याकाळचे! संध्याकाळी साडेपाचला माझ्या बायकोला झोपवायला लागले! जून महिन्यात! तुम्हाला सांगतो, आमच्या लँकेशायरात जूनमध्ये साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो, शेजारचा गवत कापतोय, आइस्क्रीमची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरतेय, आणि आमची मेव्हिस नाइटी घालून पांघरुणात! एक्याऐंशी वर्षांची बाई, तान्ही आहे का ती? बरं, मी आपला सांगतोय म्हणून सांगतोय. तक्रार करायचा आपला स्वभावच नाही.

झालं काय, दोन वर्षांपूर्वी मेव्हिसची डावी बाजू गेली. बोलणं शाबूत, डोकं शाबूत, जीभ तर विचारूच नका, पण पाय उचलत नाही. माझी पाठ ही अशी. एकदा मी एकट्यानं तिला खुर्चीतून पलंगावर न्यायला गेलो, तर दोघंही गालिच्यावर! चाळीस मिनिटं पडून होतो आम्ही. मेव्हिस म्हणाली, "आता पडलायसच तर पलंगाखाली माझी चप्पल दिसते का बघ." तेव्हापासून काउन्सिलनं, म्हणजे आमच्या नगरपालिकेनं, उचलायचं यंत्र दिलं, आणि ते चालवायला सकाळी दोन बाया, संध्याकाळी दोन बाया. पोरी चांगल्या आहेत हो. शरॉन आणि दुसरी ती उंच. त्यांचा दोष नाही. त्यांना एका संध्याकाळी अकरा म्हातारी माणसं झोपवायची असतात, कुणीतरी पहिलं लागणारच ना? ती आमची मेव्हिस! "चला राणीसाहेब, झोपायचं!" आणि राणीसाहेबांचा अजून चहासुद्धा गरम असतो!

आता तुम्ही म्हणाल, झोपली लवकर तर बिघडलं कुठे? अहो, बिघडलं कुठे! आमच्या मागच्या खिडकीला लागून बोल्सचं मैदान आहे. ते जड गोळे गवतावरून घरंगळवत न्यायचे आणि पिवळ्या छोट्या गोळ्याच्या जास्तीत जास्त जवळ थांबवायचे, तो खेळ. मेव्हिस बायकांच्या संघाची कप्तान होती एकोणीस वर्षं! सामने सुरू होतात साडेसहाला. पाय गेल्यावर पहिला उन्हाळा आम्ही त्या खिडकीतच काढला. तिची खुर्ची, माझी खुर्ची, मध्ये चीज आणि कांद्याचं लोणचं, आणि तिची बडबड! "अरे वाकव ना गुडघा, काय लग्नात नाचतोयस?" "आर्नोल्ड, तो गोळा आहे, पोस्टात टाकायचं पत्र नव्हे!" एकदा तर पंचाला खिडकीतून असं काही बोलली की त्या माणसानं निर्णय बदलला. मग नवं वेळापत्रक आलं आणि साडेपाचला पलंग. पलंग आहे पुढच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूला. तिथून मैदान दिसत नाही, नुसत्या टाळ्या ऐकू येतात. आणि ती मला विचारते, "कोण जिंकलं?" मग मी मागच्या खिडकीत जायचं, बघायचं, पुढच्या खोलीत यायचं, सांगायचं, परत मागे… अहो, माझं काय हे पळापळीचं वय आहे का?

म्हणून केली तक्रार. म्हणजे तक्रार करायचा आपला स्वभाव नाही, पण केली. पहिल्या टप्प्यात काउन्सिलचे मिस्टर पॉकलिंग्टन, त्यांचं पत्र. "आपल्या भावना आम्ही समजू शकतो." बस्स! दुसऱ्या टप्प्यात पुन्हा मिस्टर पॉकलिंग्टनच! म्हणजे पहिल्या पॉकलिंग्टननं बरोबर केलं की नाही हे दुसऱ्या पॉकलिंग्टननं तपासलं, आणि काय आश्चर्य, बरोबरच निघालं हो! कारण काय दिलं? तर, सुरुवातीला पाहणीला बाई आली होती तेव्हा तिनं विचारलं होतं, झोपायला किती वाजता आवडेल? आणि मेव्हिसनं उत्तर दिलं होतं, "तुम्हाला सोयीचं पडेल तेव्हा."

मी मेव्हिसकडे बघितलं. म्हटलं, असं म्हणालीस तू?

"मग काय म्हणणार? ती परकी बाई, आपल्या घरी आलेली. तिच्या अंगावर ओरडू?"

"पंचाच्या अंगावर ओरडतेस ती!"

"तो आर्नोल्डचा मेहुणा आहे. तो परका नाही."

मग गेलो लोकपालाकडे. काउन्सिलनं ऐकलं नाही की शेवटचं दार तेच. सात महिने लागले, पण तुम्हाला सांगतो, निर्णय आला! नऊ पानं! परिच्छेदांना आकडे! नावं मात्र गुप्त. मी मिस्टर एक्स आणि मेव्हिस मिसेस वाय. अठ्ठावन्न वर्षांचा संसार, आणि मी एक्स, ही वाय! मेव्हिसनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "ही वाय कोण? कुठं भेटली तुला?" पण आत काय लिहिलं होतं… मी चौतिसावा परिच्छेद पाठ केलाय. 'काउन्सिलची चूक आढळली. मिसेस वाय यांच्या सौजन्याला काउन्सिलनं संमती समजायला नको होतं.' वा! सौजन्याला! मी ते तीनदा मोठ्यानं वाचलं, एकदा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यासाठी. आणि हुकूम काय? काउन्सिलनं चार आठवड्यांत माफी मागावी, घरी माणूस पाठवावा, मिसेस वाय यांना झोपायची वेळ नव्यानं विचारावी, त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं, आणि त्याप्रमाणे वेळ द्यावी. त्यांच्याच शब्दांत! म्हणजे आता मेव्हिसनं एक शब्द बोलायचा, एकच, आणि उन्हाळा आमचा!

मग काय, आठवडाभर तालीम. सकाळी पावाबरोबर, दुपारी सूपबरोबर. मी काउन्सिलची बाई व्हायचो. "मिसेस वाय, झोपायला किती वाजता आवडेल?" "नऊ." "नक्की?" "नऊ! आणि आता त्या सुपाकडे बघ, उतू चाललंय!" तयारी इतकी पक्की की मी मैदानावरच्या मंडळींना सांगूनही टाकलं, शुक्रवारी अंतिम सामना आहे, जपून खेळा, मेव्हिस खिडकीत येतेय. आर्नोल्डचा चेहरा उतरला. मला इतकं बरं वाटलं!

आली. बुधवारी आली. मला वाटलं होतं पॉकलिंग्टन येईल, दोन शब्द सुनावावेत. आली कोण? मिस टॅटरसॉल. एवढीशी बाई, पाय मुरगळलेला, लंगडत. दारातच, "माफ करा, उशीर झाला, बस चुकली, माफ करा, तुमच्या पायपुसण्यावर चिखल… माफ करा." अहो, लोकपालानं सांगितलेली माफी राहिली बाजूला, आणि ही पायपुसण्याचीच मागत बसली! मग मी म्हटलं, छे छे, माफ करा, पायपुसणंच मधे आलं. आत मेव्हिस म्हणते, "माफ करा, मी उठू शकत नाही." पाच मिनिटं तिघंही नुसते माफी मागतोय! मग तिनं कागद काढला आणि खरी माफी वाचायला लागली, आणि वाचता वाचता तिचा आवाजच कापायला लागला. म्हणाली, अकरा जागा रिकाम्या आहेत, माणसं मिळत नाहीत, मी दोघींचं काम करते… मेव्हिसनं तिला पाय ठेवायला माझं स्टूल द्यायला लावलं. माझं!

चहा झाला. बिस्किटं झाली. मग मिस टॅटरसॉलनं पेन उघडलं. "मिसेस… तुमच्याच शब्दांत लिहायचंय हं. झोपायला किती वाजता आवडेल?"

मी तिच्या मागे उभा. बोटं वर केली. नऊ. एका हाताची पाच, दुसऱ्याची चार. मेव्हिसनं माझ्याकडे बघितलं. मग त्या सुजलेल्या पायाकडे बघितलं. तोंड उघडलं. 'न' दिसला हो मला तिच्या जिभेवर, शपथ सांगतो!

आणि म्हणाली, "अगं, आम्हाला कुठं जायचंय? तुम्हाला सोयीचं पडेल तेव्हा."

लिहिलं! अवतरण चिन्हांत लिहिलं! शब्दाला शब्द! खाली मेव्हिसची सही! मग ती माझ्याकडे वळली. "आणि आपली काही हरकत?" आता बघा, चौदा महिने, दोन पॉकलिंग्टन, नऊ पानं, चौतिसावा परिच्छेद… सगळं माझ्या घशात आलं, अगदी इथपर्यंत आलं, आणि मी म्हणालो…

"छे छे. अजून एक कप घेणार?"

शुक्रवारी शरॉन आणि ती उंच आल्या. पाच वाजता! अर्धा तास अलीकडे, कारण आता आम्हीच सही करून सोय बघा म्हटलंय ना! "चला राणीसाहेब! सगळं ठीक ना?" मेव्हिस म्हणाली, "छान, छान." मी म्हटलं, "उत्तम." यंत्र वर, यंत्र खाली, पांघरूण, दार लागलं, गाडी गेली. पडद्यातून ऊन सरळ तिच्या तोंडावर. मागे मैदानावर अजून कुणी आलंही नव्हतं. मला वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं. मी पलंगाशी बसलो, तिचा हात धरला. ती छताकडे बघत होती. आणि मग एकदम, पंचाला दरडावायची ना, त्याच आवाजात, खिडकीची काच थरथरेल असं ठणकावून म्हणाली…

"नऊ!"

मी म्हटलं, सुंदर म्हणालीस. अगदी असंच म्हणायचं होतं.

आता पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करता येतं म्हणे, मिस्टर पॉकलिंग्टनना पत्र लिहून. पण जाऊ द्या. त्यांनाही कामं असतील. तक्रार करायचा आपला स्वभावच नाही.