दादाच्या खेळातलं तिचं घर

दंतवैद्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक भाऊ व त्याची धाकटी बहीण बसली होती. दोघेही नोकरीला लागलेले. पण आवाजाला लगाम कसा तो नाही.

“तो जुना व्हिडिओ गेम पुन्हा खेळून बघणार आहे मी.”

“दहा वर्षांपूर्वी रटाळ म्हणून फेकलास, तो?”

“तेव्हा मी उठसूट राक्षसाच्या डोंगरावर धावायचो आणि मरायचो. आधी गावोगाव हिंडायचं असतं म्हणे.”

“उशिरा का होईना, अक्कल आली.”

“आज पहिल्यापासून सुरू करतो.”

“पहिल्यापासून नको, दादा.”

“का गं?”

“त्यात एकच खेळ सेव्ह राहतो. नवा सुरू केलास की जुना पुसला जाईल.”

“जाऊ दे की. माझा योद्धा नदीकाठी उपाशी बसला असेल.”

“उपाशी कशाला? तू सोडलास तेव्हापासून मीच खेळतेय. तिथेच घर बांधलंय त्याला. दारात घोडा पाळलाय. परवा परसात भोपळे लावले.”

“दहा वर्षं? आणि राक्षस?”

“त्या वाटेला मी गेलेच नाही.”

“कधी बोलली नाहीस!”

“हसला असतास.”

“बरं, नाही पुसत. तुझ्या घरातूनच निघतो.”

“नीघ. पण पायी जा. तुझ्या हाती मी घोडा देणार नाही.”