शेवटचा पीस

…अहो, खाली ठेवू नका, घ्या की हातात, हाताळल्याशिवाय कळणार कसं? फरक विचारताय? खरं सांगू — एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. सेन्सर तोच, लेन्स तीच, बॅटरीसुद्धा तीच. ह्या हलक्याची स्क्रीन बाहेर वळते. तुमच्या हातातला जरा जड, पण थंडीवाऱ्यात टिकतो. तुमची नजर भारी हं, मी तो खाली डब्यामागे ठेवला होता, तरी दिसला तुम्हाला! तुम्हाला कशासाठी हवाय म्हणालात — बाळाचे फोटो? मग झालं तर! हलकाच घ्या. बाळ काय लगेच बर्फात डोंगर चढणार आहे?

काढून बघायचाय एखादा? माझाच काढा — सगळे माझाच काढतात. इथे दुसरं आहे काय, मी आणि मागचं हे कपाट. संध्याकाळी शटर ओढण्याआधी मी ते फोटो पुसतो, आणि पुसण्याआधी बघतो. शर्ट तेवढा बदललेला असतो — कपाट तेच, हसू तेच. पूर्वी मीच काढायचो हो फोटो, पाणथळीतले पक्षी, चिखलात पोटावर पडून. मग लग्न झालं, सासऱ्यांचे गुडघे गेले, म्हणाले, चार महिने दुकानात बसा. बसलो. अजून बसलोय. जावई म्हणजे घरचा माणूस, आणि घरच्या माणसाला सुट्टी कसली? — वर बघू नका. हो, तोही कॅमेराच. सासरे वरच्या मजल्यावर पलंगावर पडून मोबाइलवर दुकान बघतात. आवाज जात नाही, नुसतं चित्र. म्हणून तर हसत बोलतोय.

कुठे होतो आपण? हां, हलका. त्याचं काय आहे, हे जड मॉडेल कंपनीने बंद केलंय, हा शेवटचा पीस. म्हणजे देणार नाही असं नाही, दुकान आहे, पण — सकाळी मित्राचा फोन आला. डोंगरातल्या प्राण्यांचे फोटो काढतोय, त्याचा जोडीदार काम मध्येच सोडून गेलाय. येतोस का म्हणाला, कॅमेरा तुझा आण, दुकान बंद करायच्या आत कळव. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, जा, पण बाबांना तू सांग. तिथेच तर सगळं अडलंय! वाईट नाहीत हो ते. ओरडत नाहीत, काही नाही. नुसते गुडघ्यावर हात ठेवून 'बरं' म्हणतात, आणि त्या 'बरं'नंतर माझा पाय उचलत नाही. गुदमरायला होतं मला इथे. दुपारपासून जिन्यापर्यंत जातोय, आणि गिऱ्हाईक आलं की सुटल्यासारखा परत येतोय. आत्ता तुम्ही आलात.

काढलात? नको, मला दाखवू नका. — काय? हाच आवडला? अहो, जड आहे, मान दुखेल, बाळ रांगायला लागलं की त्याच्यामागे… एक मिनिट हं, फोन.

हो मामा. हो, दिसतंय ना तुम्हाला. नाही, शोकेसमधून काढला होता… पुसायला. तोच त्यांच्या हातात आहे. … मामा, एक बोलायचं होतं. … नाही, नाही, गिऱ्हाईक उभंच आहे. … हो. देतो. … नंतर बोलू, तसं काही खास नाही.

द्या इकडे, खोक्यात घालून देतो. पट्टा? हो, नवाच आहे, आज सकाळीच लावलाय मी. राहू द्या, घेऊन जा तसाच, आता काढून तरी काय करू. आणि तो मघाचा माझा फोटो — एवढ्यात पुसू नका. नाही, काही नाही, असंच. या आता तुम्ही. दार नीट ओढून घ्या.